स्टॅब ट्रिमचा मेसेज: खाली रीसेट, वर पुन्हा हजर

गेल्या पावसाळ्यात आमच्या जेटच्या टेक लॉगमध्ये (विमानाच्या नोंदवहीत) पाच आठवड्यांत एकच स्नॅग, म्हणजे बिघाडाची तक्रार, चार वेळा लिहिला गेला. ‘क्रूझमध्ये स्टॅब ट्रिमचा मेसेज आला, खाली उतरताना आपोआप गेला.’ क्रूझ म्हणजे उंचीवरचा सरळ प्रवास; स्टॅब ट्रिम म्हणजे विमानाच्या नाकाचा तोल धरणारी शेपटीवरची यंत्रणा. समोरच्या रकान्यातलं उत्तरही चारही वेळा तेच: ‘सिस्टिम रीसेट केली, जमिनीवर तपासली, समाधानकारक.’ चारपैकी दोन वेळा लिहिणारा मीच होतो. तिसऱ्या खेपेला तर मेसेज आल्यावर मी घड्याळात पाहून को-पायलटला म्हणालो, “आज पाच मिनिटं लवकर आला.” दोघंही हसलो. रात्री घरी गेल्यावर त्या हसण्याचीच मला भीती वाटली.

चार्टरच्या किंवा कंपनीच्या जेटवर उडणाऱ्या आणि त्या जेटची देखभाल करणाऱ्या अनेकांच्या वाट्याला असा येऊन-जाऊन राहणारा फ्लाइट कंट्रोलचा स्नॅग येतो. त्यांच्यासाठी हे लिहितोय. विमानाचं क्यूआरएच (बिघाडांच्या चेकलिस्टचं पुस्तक) सांगतं तेच करायचं, त्यात वाद नाही. मी बोलतोय ते क्यूआरएच उघडण्याआधीच्या अर्ध्या मिनिटाबद्दल आणि विमान उतरल्यानंतरच्या दोन दिवसांबद्दल. घोळ बहुतेक याच दोन ठिकाणी होतो.

ऑटोपायलट काय लपवतो

नव्या मुलांसाठी थोडक्यात. बऱ्याच बिझनेस जेटना शेपटीवरचा अख्खा आडवा स्टॅबिलायझर हलवून ट्रिम करता येतं, म्हणजे हाताने जोर न धरता नाक हवं तिथे ठेवता येतं. जॅकस्क्रू (आट्यांचा लांब दांडा) फिरतो, स्टॅबिलायझरचा पुढचा भाग वर-खाली होतो. एलेव्हेटर त्यामागचा छोटा भाग, स्टॅबिलायझर मोठा. त्यामुळे दोघांत भांडण झालं तर एलेव्हेटर कधी हरेल ते सांगता येत नाही. वेग बदलला की ट्रिम बदलावंच लागतं. हाताने उडवताना योकवर (वैमानिकाच्या हातातल्या दांड्यावर) जोर लागतो आणि आपला अंगठा आपोआप ट्रिमच्या बटणाकडे जातो. ऑटोपायलटवर हे काम तोच करतो.

आता ट्रिम जागच्या जागी मेलं, पण ऑटोपायलट चालू आहे, असं समजा. विमान चढतंय, वेग वाढतोय. ट्रिम कमी वेगाला अडकलेलं, म्हणून नाक वर जाऊ पाहतंय. ऑटोपायलटची सर्व्हो मोटर एलेव्हेटर धरून नाक खाली दाबून ठेवते. पडद्यावर रेषा सरळ, उंची बरोबर, मागे कॉफीचा कप हलतसुद्धा नाही. वेग वाढेल तसा तो दाब वाढत जातो आणि तुमच्या हाताला काहीच कळत नाही. शेवटी एक मेसेज येतो: ऑटोपायलट नाक खाली धरून आहे.

हा मेसेज नीट वाचायला शिका. ‘नाक खाली धरून आहे’ याचा अर्थ त्याने सोडलं की नाक वर उसळणार. घाईत वाचणारा ‘नाक खाली’ एवढंच वाचतो आणि योक ओढायच्या तयारीत बसतो. सिम्युलेटरमध्ये चांगले अनुभवी लोक असे फसलेले मी पाहिलेत. एकदा मीही फसलोय.

कनेक्टिकटचं चॅलेंजर, मार्च २०२३

हे प्रकरण मी प्रत्येक नव्या को-पायलटला सांगतो, कारण त्यात रोजच्या कामातल्या झाडून सगळ्या चुका एका ओळीत उभ्या आहेत.

३ मार्च २०२३. बॉम्बार्डियर चॅलेंजर ३००, न्यू हॅम्पशायरमधल्या कीनहून व्हर्जिनियातल्या लीझबर्गला निघालेलं. दोन वैमानिक, तीन प्रवासी. पहिला टेकऑफ सोडून द्यावा लागला, कारण उजव्या पिटो ट्यूबवरचं (वेग मोजणाऱ्या नळीवरचं) लाल कव्हर काढायचंच राहिलं होतं. धावपट्टीवरून बाहेर येऊन कव्हर काढलं. मात्र पडद्यावर रडर लिमिटरच्या (शेपटीच्या उभ्या पात्याची हालचाल मर्यादित ठेवणाऱ्या यंत्रणेच्या) बिघाडाचा मेसेज उरला. तो सगळ्यात खालच्या दर्जाचा, ‘सूचना’ प्रकारातला. रंग शांत, आवाज नाही. पण जमिनीवर असताना तो मेसेज असेल तर उडायचंच नाही, असं त्या विमानाच्या कागदपत्रांत लिहिलेलं होतं. तरी ते उडाले.

साधारण सहा हजार फुटांच्या आसपास ऑटोपायलट लावला तेव्हा एकामागोमाग मेसेज आले: ऑटोपायलटचं स्टॅब ट्रिम निकामी, माख ट्रिम (जास्त वेगाला आपोआप होणारं ट्रिम) निकामी, ऑटोपायलट नाक खाली धरून आहे. विमान चढतच होतं, वेग वाढतच होता, ऑटोपायलट चालूच होता. दोघांनी मिळून चेकलिस्ट शोधली आणि ‘प्रायमरी स्टॅब ट्रिम फेल’ची उघडली. मेसेज ऑटोपायलटच्या ट्रिमचा, चेकलिस्ट प्रायमरी, म्हणजे मुख्य, ट्रिमची. नावं जवळजवळ सारखी. हीच बरोबर आहे, असं दोघांनी एकमेकांना सांगितलंही. तिची पहिलीच पायरी होती ट्रिमचा स्विच प्रायमरीवरून ऑफ करणं. स्विच फिरला त्या क्षणी ऑटोपायलट सुटला.

प्राथमिक अहवालातले आकडे असे: आधी अधिक ३.८ जी (गुरुत्वाकर्षणाच्या ३.८ पट जोर), मग उणे २.३, मग पुन्हा अधिक ४.२, आणि शेवटी स्टिक पुशर (विमान स्टॉल होऊ नये म्हणून योक आपोआप पुढे ढकलणारी यंत्रणा). सगळा खेळ काही सेकंदांचा. बेल्ट न लावलेल्या एका प्रवासी महिलेचा त्यात मृत्यू झाला. विमान कनेक्टिकटमधल्या ब्रॅडली विमानतळावर वळवून उतरवलं गेलं. सुरुवातीला बातम्यांत ‘तीव्र टर्ब्युलन्स’ असं आलं होतं. हवेचा त्यात काही दोष नव्हता.

एनटीएसबी या अमेरिकेच्या अपघात तपास संस्थेच्या अंतिम निष्कर्षात कव्हर आहे, उडू नये असा मेसेज असताना उडणं आहे, चुकीची चेकलिस्ट आहे. शिवाय बिघाड सोडवत असताना चढत राहणं, ऑटोपायलट वापरत राहणं आणि तो सुटल्यावर योकवर केलेल्या हालचाली, यांनी प्रसंग जास्त गंभीर केला असंही त्यात म्हटलंय. ट्रिम बिघडलं म्हणून ते विमान उसळलं नाही. बिघडलेलं ट्रिम तर बराच वेळ शांत बसलं होतं. दाब आत साठत गेला आणि झाकण अचानक उघडलं.

मग मेसेज आल्यावर नक्की काय करायचं

पहिलं काम कॉकपिटमधलं नाही, केबिनमधलं आहे. बेल्ट. मोठ्या विमानात दिवा लावला की माणसं बेल्ट लावतात. आमच्याकडे मागे मालक बसलेला असतो, किंवा मालकाचे पाहुणे, आणि बिछान्यासारखी सीट मागे सोडून पाय वर घेतलेले असतात. त्यांना ‘लावा’ म्हणायला को-पायलटची जीभ अडते. ‘सर, प्लीज, जमलं तर’ अशी सुरुवात होते. जमलं तर वगैरे काही नाही. मी आता टेकऑफपूर्वीच हसतमुखाने सांगून ठेवतो: “साहेब, मधेच मी फक्त ‘बेल्ट’ एवढंच म्हणालो तर कारण विचारू नका, आधी लावा.” आजवर कुणी रागावलेलं नाही. एका वयस्कर शेठजींनी तर नंतर प्रवासभर बेल्ट सोडलाच नाही.

दुसरं, चढणं थांबवा. एटीसीला (हवाई वाहतूक नियंत्रकाला) सांगून आहात तिथे सरळ पातळीवर या. वेगात मोठा बदल करू नका. बिघाड काय आहे हे कळेपर्यंत विमानाची अवस्था बदलत राहिली तर तुम्ही हलत्या बैलगाडीचं चाक दुरुस्त करताय.

तिसरं, ट्रिमचा आकडा पाहा आणि मोठ्याने म्हणा. दोन-तीन सेकंदांनी पुन्हा पाहा. आकडा आपोआप हलतोय का? बटण दाबूनही हलत नाही का? की हलतोय, पण ऑटोपायलटला हलवता येत नाही? हे तीन वेगवेगळे आजार आहेत, औषधंही वेगळी.

चौथं, चेकलिस्ट काढणाऱ्याने पडद्यावरचा मेसेज अक्षर न् अक्षर वाचायचा आणि मग चेकलिस्टचं शीर्षक अक्षर न् अक्षर वाचायचं. विमान उडवणाऱ्याने ते कानाने जुळवायचं. टॅब्लेटवरच्या चेकलिस्टमध्ये शोधताना पहिले दोन शब्द टाकले की खाली चार सारखी नावं येतात. बोट भलत्यावर पडतं. दोघांनी एकाच स्क्रीनकडे मान हलवणं म्हणजे पडताळणी नव्हे. चॅलेंजरमध्ये दोघांनीही मान हलवलीच होती.

पाचवं, ऑटोपायलट सोडायचा आहे, किंवा पुढच्या पायरीत तो सुटणार आहे, तर तयारीने सोडा. सीट पुढे, पाठ टेकलेली, दोन्ही हात योकवर, पंख सरळ. आणि तोंडाने एकदा: “सोडल्यावर नाक वर जाणार, मी दाबणार.” किंवा उलट. मग सोडा. आलेला जोर पकडून ठेवा. उसळी पूर्ण मोडून काढायला जाऊ नका. जोराच्या मागे धावलात तर दुसरा झोका तुमच्याच हातून येतो आणि तो पहिल्यापेक्षा वाईट असतो.

वेगाबद्दल थोडं जास्त बोलायला हवं. ‘बिघाड झाला की वेग कमी करा’ हा सल्ला अर्धाच आहे. ट्रिम ज्या वेगाला अडकलं, त्या वेगाकडे विमान गेलं की योक हलका होतो. चढताना, कमी वेगाला अडकलं असेल तर वेग कमी करणं बरोबर. पण क्रूझमध्ये, भरपूर वेगाला अडकलं असेल तर वेग कमी करत जाल तसं नाक जड होत जाईल आणि उतरताना दोघांनी मिळून ओढायची वेळ येईल. म्हणून अडकलं तेव्हाचा वेग आणि ट्रिमचा आकडा गुडघ्यावरच्या कागदावर लिहून ठेवा. पुढचा सगळा हिशोब त्या दोन आकड्यांवरून करायचा आहे.

ट्रिम थांबतच नसेल तर

हा वेगळाच प्राणी आहे. इथे विचाराला अर्धं मिनिटही मिळत नाही, म्हणून याची पहिली कृती पाठ असावी लागते. बऱ्याच जेटमध्ये योकवरचं लाल डिस्कनेक्टचं बटण दाबून धरलं की ट्रिमची मोटर थांबते आणि सोडलं की पुन्हा सुरू होऊ शकते. ‘दाबून धरा’ यातला दुसरा शब्द विसरू नका. एकाने धरून ठेवायचं, दुसऱ्याने ट्रिमची वीज तोडायची. आपल्या विमानात ती नेमकी कुठून तुटते, कुठला स्विच, कुठला ब्रेकर, हे डोळे मिटून हात लावून दाखवता आलं पाहिजे. हँगरमध्ये उभ्या विमानात बसून याचा सराव फुकट करता येतो.

२४ मे २०११ ला न्यूरेम्बर्गहून क्वालालंपूरच्या सुबांगला येणारं एक दसॉ फाल्कन ७एक्स उतरत होतं. १३००० फुटांच्या आसपास ट्रिम तटस्थ स्थितीपासून पूर्ण नाक-वरपर्यंत १५ सेकंदांत गेलं. साइडस्टिक (योकऐवजी बाजूला असलेली दांडी) पूर्ण पुढे दाबूनही नाक खाली येईना. विमान उतरायचं सोडून २२५०० फुटांपर्यंत चढलं. वेग ३०० नॉटवरून १२५ वर आला. विमान उडवणाऱ्या वैमानिकाला लष्करी उड्डाणात शिकलेली युक्ती आठवली. नाक वर जातंय ना, मग पंख कलवा. विमान आडवं झालं की वर खेचणारी ताकद बाजूला जाते आणि नाक क्षितिजाकडे येतं. तसं करून त्याने विमान वाचवलं. हा प्रकार अडीच मिनिटांहून थोडा जास्त चालला. पाठोपाठ युरोपच्या नियामकाने फाल्कन ७एक्सची उड्डाणं थांबवली. फ्रान्सच्या बीईए या अपघात तपास संस्थेच्या तपासात मूळ सापडलं ते स्टॅबिलायझर चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डब्यातल्या एका पिनच्या सदोष सोल्डरिंगमध्ये.

एक पिन. पुढे आमच्या विमानाचं वाचाल तेव्हा ती लक्षात असू द्या.

ट्रिम अडकलं असेल तर

प्रायमरीने नाही तर सेकंडरीने, चेकलिस्ट सांगेल तितक्या वेळा करून बघा. तरी हललं नाही तर सोडून द्या. ‘अजून एकदा’ नको. ३१ जानेवारी २००० ला अलास्का एअरलाइन्सच्या एमडी-८३ मध्ये अडकलेल्या स्टॅबिलायझरशी वैमानिक झगडत राहिले. वंगणाअभावी जॅकस्क्रूच्या नटाचे आटे झिजून गेले होते. ते सुटल्यावर विमान कॅलिफोर्नियाजवळ समुद्रात कोसळलं आणि ८८ माणसं गेली. बिझनेस जेट नव्हतं, पण जॅकस्क्रू आणि वंगण तेच आहे. अडकलेल्या ट्रिमने विमान उडतंय ना? मग त्याच अवस्थेत लांब धावपट्टी गाठा.

लांब म्हणजे खरंच लांब. फ्लॅप (पंखांमागची पाती) कमी घेऊन, जास्त वेगाने उतरायचं असतं. ज्या छोट्या पट्टीवर सभेसाठी किंवा कारखान्याच्या भेटीसाठी निघालो होतो तिचा हट्ट सोडा. मुंबईची मुख्य धावपट्टी साधारण ३४०० मीटर, नागपूरची ३२००, ओझरची ३०००. यांतली जी जवळ ती. तिथून पुढे गाडीने जाता येतं.

उतरण्याआधी उंचावरच, हाताशी वेळ असताना, फ्लॅप आणि चाकं काढून त्या वेगाला विमान हाताला कसं लागतं ते बघून घ्या. क्यूआरएच परवानगी देत असेल तरच. फायनलवर, म्हणजे उतरण्याच्या शेवटच्या टप्प्यात, आयुष्यातला पहिला अनुभव नको.

हात फसवतो तेव्हा

ट्रिम ठीक, पण योकचा ‘फील’ बिघडलेला, हा आणखी एक चोरटा प्रकार. वेग वाढला की योक जड झाला पाहिजे, म्हणून कृत्रिम जोर देणारी यंत्रणा असते. फाल्कनमध्ये त्या युनिटला ‘आर्थर’ म्हणतात. १४ सप्टेंबर १९९९ ला अथेन्सहून बुखारेस्टला जाणाऱ्या ग्रीसच्या सरकारी फाल्कन ९०० मध्ये ते कमी वेगाच्या स्थितीत अडकलं होतं. ‘पिच फील’चा दिवा लागलेला होता. दिवा फार मनावर न घेता वेगाने खाली येताना ऑटोपायलटवर हाताने जोर लावला गेला, तो सुटला आणि योक लोण्यासारखा हलका निघाला. वर-खाली झोके सुरू झाले. विमान सुखरूप उतरलं, पण केबिनमधले सात जण गेले. त्यांत ग्रीसचे उपपरराष्ट्रमंत्री यान्नोस क्रानिदियोतिस आणि त्यांचा मुलगाही होता. त्या सातांनी बेल्ट लावले नव्हते.

असा मेसेज असेल तर वेग क्यूआरएचच्या मर्यादेत आधी आणा. ऑटोपायलटशी योकवरून कुस्ती कधीच करू नका. हाताने उडवायची वेळ आलीच तर दोन बोटांनी धरल्यासारखं उडवा.

खाली आल्यावर: ‘समाधानकारक’ लिहिण्याआधी

आता आमच्या चार वेळच्या स्नॅगकडे.

चौथ्या खेपेनंतर मी इंजिनीअरांकडे गेलो. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. ते वैतागलेले होते, कारण विमानाला दुसऱ्या दिवशी पहाटे जायचं होतं आणि ऑपरेशन्सवाले फोन करून करून डोकं खात होते.

“कॅप्टन, खाली सगळं ओके दाखवतंय. तीनदा टेस्ट घेतली.”

“अण्णा, खाली तीस डिग्री आहे. वर उणे पन्नास.”

ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “तुम्ही लॉगमध्ये काय लिहिलंय? ‘क्रूझमध्ये आला.’ कुठली उंची? किती वेळाने? कुठला चॅनेल? तुम्ही काही लिहायचं नाही आणि मी ओळखायचं.”

बरोबर होतं त्यांचं. चारही नोंदी आम्ही वैमानिकांनी चहाच्या टपरीवरच्या उधारीसारख्या लिहिल्या होत्या. त्या रात्री आम्ही बसून मागचं सगळं आठवलं, फ्लाइट प्लॅन काढले, विमानाच्या मेंटेनन्स कॉम्प्युटरमधल्या बिघाडाच्या नोंदी उतरवल्या. चित्र पाचच मिनिटांत समोर आलं. चारही उड्डाणं दीड तासाहून लांब. छोट्या उड्डाणांत मेसेज एकदाही नाही. चारही वेळा उंची ३८००० फुटांच्या वर. चारही वेळा आधीची रात्र विमान उघड्यावर, पावसात. आणि चारही वेळा एकच चॅनेल (ट्रिमच्या दोन स्वतंत्र विद्युत मार्गांपैकी एक).

म्हणजे पाणी. शेपटीत कुठेतरी पाणी शिरतंय, वर गोठतंय किंवा एखादा जोड थंडीत आकसून सुटतोय. खाली आल्यावर वितळतंय आणि टेस्ट पास होतेय. मुंबईच्या पावसात, समुद्राच्या खाऱ्या हवेत, टी-टेलच्या (T आकाराच्या उंच शेपटीच्या) टोकाला असलेल्या कनेक्टरचं काय होत असेल ते सांगायला नको. तिथवर पोचायला मोठा स्टँड लागतो आणि पावसात तो स्टँड नेहमी दुसऱ्याच्या विमानाला लागलेला असतो. त्यामुळे चारही खेपांना वर कुणी चढलंच नव्हतं. कॉकपिटमध्ये बसून रीसेट केलं की काम होत होतं.

सकाळचं उड्डाण रद्द झालं. त्यावरून जे ऐकून घ्यावं लागलं ते इथे लिहीत नाही. स्टँड दुपारी मिळाला. अण्णांचा पोऱ्या वर चढला, पॅनेलचे स्क्रू काढले, टॉर्च तोंडात धरला आणि बराच वेळ काही बोलेना. मग वरूनच कनेक्टरचा फोटो पाठवला. सील एका बाजूला उचललं गेलेलं. आतल्या पिनांपैकी दोघींवर हिरवट-पांढरी भुकटी, तुरटी चोळल्यासारखी. एक पिन नुसतं बोट लावलं तरी हलत होती. कनेक्टरच्या तळाशी पाण्याचे थेंब सुकल्याचे डाग.

कनेक्टर बदलला, सील नवं घातलं, वायरिंग हलवून हलवून मोजमाप घेतलं, कारण एका ठिकाणी पाणी होतं म्हणजे दुसरीकडेही असणार. जॅकस्क्रूला वंगण दिलं. फ्लाइट कंट्रोलवर काम झालं म्हणून दुसऱ्या इंजिनीअरने स्वतंत्र तपासणी केली. मग दोन्ही चॅनेलवर ट्रिम एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालवलं. मी कॉकपिटमधून आकडा वाचत होतो आणि खाली उभा माणूस शेपटीकडे बघून दिशा ओरडून सांगत होता. हा ओरडण्याचा भाग टाळू नका. आकडा बरोबर आणि दिशा उलटी, हे कामानंतर होऊ शकतं आणि पडद्यावर ते दिसत नाही.

वैमानिक मित्रांनो, लॉगमध्ये पुढच्या वेळी एवढं लिहा: मेसेजचे नेमके शब्द आणि क्रम, उंची, वेग, बाहेरचं तापमान, टेकऑफनंतर किती वेळ, ऑटोपायलट होता की नाही, ट्रिमचा आकडा, मेसेज कुठे गेला, आदल्या रात्री विमान कुठे उभं होतं. दोन मिनिटांचं काम आहे. आणि रीसेट करायच्या आधी मेंटेनन्स कॉम्प्युटरमधली नोंद उतरवून घ्या.

इंजिनीअर मित्रांनो, तोच स्नॅग दुसऱ्यांदा आला की त्याला नवा स्नॅग समजून नव्या पानावर सुरुवात करू नका. मागची पानं उलटा. नियामकालाही वारंवार येणारा दोष वेगळा नोंदलेला हवा असतो, त्यामागे कारण आहे. इलेक्ट्रॉनिक डबा बदलून पाहायची घाई नको. डबे महाग असतात आणि बहुतेकदा निर्दोष निघून परत येतात. आधी योकवरचं ट्रिमचं बटण बघा. त्याचे दोन भाग असतात आणि घामाने, धुळीने एक भाग चिकटला तरी असाच मेसेज येऊ शकतो. मग कनेक्टर, मग वायरिंग, मग सेन्सर, मग डबा. ट्रबलशूटिंग मॅन्युअल वेगळा क्रम देत असेल तर तो क्रम.

‘एमईएलमध्ये बसतंय ना, मग जाऊ द्या’ असं ऑपरेशन्सकडून येतंच. एमईएल म्हणजे कुठला बिघाड घेऊन उडता येतं त्याची यादी. एमईएलमध्ये बसतं का, हा एक प्रश्न. चार वेळा आलेल्या गोष्टीचं कारण माहीत नसताना ती बसवायची का, हा दुसरा. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सही करणाऱ्याने द्यायचं असतं, फोन करणाऱ्याने नाही.

उड्डाणापूर्वीची कंट्रोल चेकसुद्धा यातच आली. योक चारही बाजूंना टोकापर्यंत, सावकाश. ३१ मे २०१४ ला अमेरिकेत बेडफोर्डच्या हँसकॉम फील्डवर एका गल्फस्ट्रीम ४ चं गस्ट लॉक (उभ्या विमानाचे कंट्रोल वाऱ्याने हलू नयेत म्हणून लावलेली कडी) काढायचं राहिलं. धावपट्टीवर वेग आल्यावर कळलं. विमान पट्टी संपून पुढे गेलं, आग लागली, सातही जण गेले. मागची १७५ उड्डाणं तपासली तर पूर्ण कंट्रोल चेक फक्त दोनदा झालेली. ते रोजचे सरावलेले वैमानिक होते. म्हणून आमच्याकडे नियम केलाय: चेक करताना ‘पूर्ण आणि मोकळं’ असं को-पायलटने नुसतं म्हणायचं नाही, पडद्यावर कंट्रोल दिसत असतील तर बोट लावून दाखवायचं. पहिले काही दिवस सगळ्यांना शाळेत बसल्यासारखं वाटलं.

कनेक्टर बदलल्यावर रिकामं विमान दिल्लीला न्यायचं होतं. पावसात रात्रभर मुद्दाम बाहेर ठेवलं. ४१००० फुटांवर दोघंही ट्रिमच्या आकड्याकडे बघत बसलो होतो. मेसेज आला नाही. परतीलाही नाही. त्या पावसाळ्यात पुन्हा आला नाही.

अण्णांनी कामाच्या कार्डावर लिहून ठेवलंय की दरवर्षी मे संपायच्या आत ते पॅनेल उघडून सील बघायचं. स्टँड एप्रिलमध्येच बुक करायला सांगितलाय, कारण जूनमध्ये तो मिळत नाही.